बंदूक चालेल का?

अमेरिकेत बंदुकीच्या कायद्याबद्दल कुणालाही काहीही विचारा, तो आधी तुम्हालाच विचारतो, "कुठे?" खिशात पिस्तूल ठेवलं तर चालतं का? कुठे? गाडीत ठेवलं तर? कुठून कुठे चाललात? देवळात नेलं तर? कुठल्या राज्यातल्या देवळात, आणि दाराशी पाटी आहे का? आपल्याकडे कायदा समजून घ्यायला वकील लागतो. तिथे नकाशा लागतो. पन्नास राज्यं, राजधानीचा जिल्हा वेगळा, वर केंद्राचे कायदे, खाली शहरांचे ठराव, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर १७९१ सालचं एक वाक्य. मूळ इंग्रजीत २७ शब्दांचं. त्याचा पूर्वार्ध शिस्तीतल्या नागरी सेनेबद्दल आहे, उत्तरार्ध शस्त्रं बाळगण्याच्या लोकांच्या हक्काबद्दल, आणि मध्ये स्वल्पविराम. या दोन अर्ध्यांचा एकमेकांशी संबंध काय, यावर पिढ्यान् पिढ्या भांडण झालं. शेवटी २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की हक्क व्यक्तीचा आहे, सेनेशी त्याचा काही संबंध असो वा नसो. इतका सोक्षमोक्ष लागल्यावर वाद मिटायला हवा होता. पण मग वकिलांनी खायचं काय?

त्या देशात माणसं सुमारे ३३ कोटी आणि नागरिकांच्या घरातल्या बंदुका ३९ कोटींच्या वर, असा २०१८ सालचा एक बहुचर्चित अंदाज आहे. म्हणजे तान्ह्या बाळाच्या वाट्यालाही एक येते आणि वर काही कोटी उरतात. तान्हं बाळ मी अलंकार म्हणून आणलेलं नाही. विस्कॉन्सिन राज्याने २०१७ साली, सोबत मोठं माणूस असेल तर शिकारीला वयाची अट नाही असं ठरवलं, आणि त्याच हंगामात वर्षही पुरं न झालेल्या बाळांच्या नावावर हरणाच्या शिकारीचे परवाने निघाले. बारशाला पूर्वी चांदीचा वाळा देत असत.

माझा भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो. त्याला बंदूक घ्यायची नाही, कधी हातातही धरलेली नाही. पण तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाला व्हिसाचे, कराचे आणि शाळेच्या हद्दीचे नियम जसे मुखोद्गत असतात तसे यालाही हे नियम येतात, आणि पाहुणा आला की तो म्हणून दाखवतो. न्यू जर्सी हे या बाबतीत कडक राज्य. तिथे रायफल घ्यायची तर आधी पोलिसांकडून ओळखपत्र काढायचं. पिस्तूल घ्यायचं तर त्याशिवाय दर पिस्तुलामागे एक वेगळं परवानापत्र, आणि तीस दिवसांत एकापेक्षा जास्त पिस्तूल नाही.

इथपर्यंत मला सगळं समंजस वाटलं. पुढे तो म्हणाला, "मामा, छर्ऱ्याची बंदूकसुद्धा इथे बंदूकच धरतात." म्हणजे आपल्या जत्रेत फुगे फोडायला जी मिळते ती. माणसाला इजा होईल इतक्या जोराने छर्रा उडाला की न्यू जर्सीच्या व्याख्येत ती बंदूक. मग तो जोर दाबलेल्या हवेचा असो, स्प्रिंगचा असो की रबराचा. त्याच राज्याच्या निषिद्ध हत्यारांच्या यादीत जंबिया आहे, खटक्याचा चाकू आहे, लोखंडी मुठी आहेत आणि बेचकी आहे. होय, बेचकी. तिच्यामागे समजावून सांगता येईल असा कायदेशीर हेतू नसेल तर ती जवळ असणं हा गुन्हा. माझ्या लहानपणी आमच्या वाडीतल्या एकाही मुलाकडे बेचकीमागचा समजावून सांगता येईल असा कायदेशीर हेतू नव्हता. न्यू जर्सीच्या हिशेबाने आमची अख्खी चौथीची तुकडी आत गेली असती, आणि मास्तर साक्षीला उभे राहिले असते.

पिस्तूल घरी ठेवणं वेगळं आणि ते अंगावर बाळगून रस्त्यावर फिरणं वेगळं. फिरायचं तर परवाना निराळा. २०२२च्या डिसेंबरात न्यू जर्सीने त्यासाठी नवा कायदा केला. शुल्क २०० डॉलर, आणि अर्जदाराला किमान तीन वर्षं ओळखणाऱ्या, त्याच्या नात्यात नसलेल्या, चार प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारस. भाच्याचं म्हणणं, पैशांचं काही नाही, पण जो माणूस मराठी मंडळाच्या कार्यकारिणीवर एकदा राहून आला त्याच्याबद्दल चांगलं बोलणारी चार माणसं तीन वर्षांनंतर कुठून मिळणार? गोळ्यांचंही तसंच. टोकाशी पोकळी असलेल्या गोळ्या दुकानातून विकत घेता येतात, घरी नेता येतात, घरात ठेवताही येतात. त्या खिशात घालून इकडेतिकडे हिंडलं की भानगड. दुकानातून निघायचं ते थेट घर गाठायचं.

आता डेलावेअर नदी ओलांडा. पलीकडे पेनसिल्व्हेनिया. पूल ओलांडायला काही मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात सज्जनाचा गुन्हेगार किंवा उलटही होऊ शकतं. पेनसिल्व्हेनियात बहुतेक ठिकाणी कमरेला उघड पिस्तूल लटकवून चालायला परवानाच लागत नाही. अपवाद फिलाडेल्फियाचा, तिथे लागतो. म्हणजे राज्यातही शहर कुठलं ते बघायचं. २०१३ साली फिलाडेल्फियाची एक बाई, दोन मुलांची एकटी आई, रीतसर पेनसिल्व्हेनियाचा परवाना काढून, पर्समध्ये पिस्तूल ठेवून न्यू जर्सीत आली. वाहतूक पोलिसांनी किरकोळ कारणासाठी गाडी थांबवली. तिने आपण होऊन, प्रामाणिकपणे, परवाना दाखवत सांगितलं की माझ्याजवळ पिस्तूल आहे. पेनसिल्व्हेनियाचा परवाना न्यू जर्सीत म्हणजे कागद. तिला अटक झाली आणि काही वर्षांची सक्तीची कैद समोर उभी राहिली. पुढे गवगवा झाला, खटल्यातून सुटकेचा मार्ग काढला गेला, आणि २०१५ साली गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. ज्या देशात वाहन चालवण्याचा परवाना एका महासागरापासून दुसऱ्या महासागरापर्यंत चालतो, तिथे बंदुकीचा परवाना पुलाच्या मध्यावर संपतो.

खरं तर अशा प्रवाशांनी काय करावं यासाठी केंद्राने १९८६ साली एक कायदा केलेला आहे. तुमच्या राज्यात बंदूक कायदेशीर, जिथे चाललात तिथेही कायदेशीर, तर मधल्या राज्यातून तुम्हाला सुखरूप जाऊ द्यायचं. अट एवढीच की बंदूक रिकामी हवी आणि हाताशी नको, डिकीत, कुलपात. हा कायदा वाचताना फार दिलासा देतो. युटाच्या एका गृहस्थानेही तो वाचला असावा. २००५ साली ते विमानाने पेनसिल्व्हेनियाला निघाले. पिस्तूल रिकामं, पेटीत, पेटीला कुलूप, सामानात जाहीर करून दिलेलं. न्यूअर्कला विमान बदलायचं होतं. आधीच्या विमानाला उशीर झाला, पुढचं सुटलं. मग बस ठरली, तर सामान सापडेना. सामान सापडलं तोवर बस गेली. बिचारे आपली बॅग घेऊन हॉटेलात झोपले. सकाळी परत विमानतळावर येऊन नियमाप्रमाणे सांगितलं, बॅगेत पिस्तूल आहे. आणि न्यू जर्सीच्या पोलिसांनी त्यांना उचललं. प्रकरण वरच्या न्यायालयात गेलं, आणि २०१०मध्ये निकाल लागला की रात्रभर बॅग हॉटेलच्या खोलीत या गृहस्थांच्या हाताशी होती, म्हणून केंद्राच्या कायद्याचं छत्र त्यांच्यावर नाही. त्यांची अडचण न्यायालयाला कळली, पण कायद्यात अडचणीसाठी कलम नव्हतं. विमान कंपनीने जेवणाचं कूपन दिलं होतं की नाही, हे निकालपत्रात नसावं.

विमानतळांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. २०२३ या एका वर्षात अमेरिकेतल्या विमानतळांवर सुरक्षा तपासणीत प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या, आणि त्यातल्या ९३ टक्के भरलेल्या होत्या. अटलांटाचा नंबर पहिला. दंड हजारो डॉलरचा. या लोकांचं ठरलेलं उत्तर म्हणजे, "विसरलो." बॅगेत बंदूक होती हेच विसरलो. आपण पाण्याची बाटली विसरतो, फार तर नेलकटर. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र काही विसरलं नव्हतं. मुंबईहून निघताना त्यांनी ओळखीच्या बागेतले हापूस साड्यांच्या घडीत एकेक करून बसवले होते, आणि अमेरिकेत उतरल्यावर विमानतळावरच्या शेतकी तपासनिसाने ते एकेक करून काढले. अमेरिकेत शिरणारा हापूस आधी लासलगावसारख्या केंद्रातून किरणांचा मारा घेऊन, शिक्का घेऊन यावा लागतो. तिथल्या हद्दीत सर्वांत संशयास्पद वस्तू कुठली, याबद्दल सौभाग्यवतींचं मत त्या दिवसापासून ठाम आहे, आणि ते कुठल्याही न्यायालयाने बदलणार नाही.

भाच्याच्या व्हिसाकडे येऊ. तो एच-वन-बीवर आहे. केंद्राचा कायदा म्हणतो, अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परक्या माणसाने बंदूक बाळगायची नाही, गोळीसुद्धा नाही. इथवर ठीक. पण त्याला अपवाद आहे: त्याच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना असेल तर चालेल. म्हणजे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून निघालेला, केकमध्ये अंडं आहे का हे दोनदा विचारणारा मुलगा, हरणाच्या शिकारीचा अभ्यासक्रम पुरा करून परवाना काढेल तर बंदुकीच्या दुकानात ग्राहक म्हणून उभा राहू शकतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्याचे केस पांढरे होणार आहेत. मी त्याला म्हटलं, "अरे, या देशाने तुला कायमचा ठेवून घ्यायचं ठरवलेलं नाही, पण हरीण मारायला हरकत नाही म्हणतोय." तो म्हणाला, "मामा, परवाना दर वर्षी नवा काढावा लागतो." नूतनीकरणाचं त्याला काही वाटत नाही. आता सवय झाली आहे.

दुकानातून बंदूक घेताना फॉर्म नंबर ४४७३ भरावा लागतो. त्यात सरकार अत्यंत विश्वासाने प्रश्न विचारतं. तुम्ही न्यायापासून पळून चाललेले फरारी आहात का? हा प्रश्न वाचून एखादा फरारी चपापून पेन खाली ठेवत असेल तर त्याला फरारी म्हणावं का, असा मला प्रश्न पडला. पुढचा प्रश्न नशेचा. त्यात खास खुलासा आहे की तुमच्या राज्याने गांजा कायदेशीर केलेला असला तरी केंद्राच्या नजरेत तो बेकायदा आहे. कोलोरॅडोत रस्त्याच्या एका बाजूला गांजाचं दिव्यांनी उजळलेलं दुकान आणि दुसऱ्या बाजूला बंदुकांचं, दोन्ही रीतसर, दोन्ही कर भरणारी. पण एका दुकानाच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाने दुसऱ्या दुकानातल्या फॉर्मवर खरं लिहिलं तर बंदूक मिळत नाही, आणि खोटं लिहिलं तर तुरुंग. या फॉर्मवर खोटं लिहिल्याबद्दल २०२४च्या जूनमध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव हंटर बायडन दोषी ठरले. डिसेंबरात वडिलांनी माफी दिली. प्रत्येकाच्या वडिलांना ती सोय नसते.

वयाचं गणित थोडक्यात सांगतो, कारण त्यात थांबण्यासारखं फारसं काही नाही. केंद्राच्या कायद्याने अठराव्या वर्षी दुकानातून रायफल घेता येते, पिस्तूल एकविसाव्या वर्षी. बिअरही एकविसाव्या वर्षी. सिगारेटही २०१९च्या अखेरीपासून एकविसाव्या वर्षीच. फ्लोरिडासारख्या काही राज्यांनी रायफलचंही वय वाढवलं आहे. बाकी ठिकाणी अठरा ते एकवीस या वयात मुलाच्या हाती फक्त रायफल देता येते, तब्येतीला अपाय होईल असं काही नाही.

माझी पुतणी टेक्ससला, डॅलसजवळ प्लेनोला. न्यू जर्सीहून तिथे उतरलं की कायद्याची हवाच बदलते. २०२१च्या सप्टेंबरापासून टेक्ससात एकवीस वर्षांच्या, गुन्ह्याची नोंद नसलेल्या माणसाला पिस्तूल घेऊन फिरायला परवाना लागत नाही. अशी राज्यं आता २९ आहेत. मला वाटलं, चला, इथे अभ्यास संपला, सगळं मोकळं. पुतणी म्हणाली, "काका, इथे परवाना लागत नाही. पाट्या लागतात."

टेक्ससात दुकानदाराने दारावर नुसतं "आत बंदूक आणू नये" असं लिहून भागत नाही. दंडसंहितेच्या ३०.०६ कलमात मजकूर शब्दशः ठरवून दिलेला आहे. तो इंग्रजीत हवा आणि स्पॅनिशमध्येही हवा, उठून दिसणाऱ्या रंगात हवा, आणि प्रत्येक अक्षर किमान एक इंच उंच हवं. ही पाटी परवानाधारकाने कपड्याखाली लपवून आणलेल्या पिस्तुलासाठी. त्याच माणसाने पिस्तूल उघड लटकवलं असेल तर ३०.०७ची पाटी वेगळी, मजकूर वेगळा, पुन्हा दोन भाषा, पुन्हा एक इंच. आणि ज्यांनी परवानाच काढलेला नाही त्यांच्यासाठी ३०.०५ची तिसरी. तिन्ही लावल्या की दुकानात काय विकतात ते लिहायला भिंत उरत नाही. अक्षरं पाऊण इंची निघाली तर ती पाटी कायद्याने कुणाला अडवत नाही, आणि पट्टी लावून अक्षरं मोजणारे शौकीन त्या राज्यात आहेत. हाच मजकूर पुण्यात एखाद्या वाड्याच्या दारावर सहा शब्दांत बसला असता, आणि पिस्तूलवाल्याचा अपमानही होऊन गेला असता.

माझी सर्वांत आवडती पाटी मात्र '५१%' ही. लाल अक्षरात नुसतं एक्कावन्न टक्के. पहिल्यांदा एका बारच्या दारावर पाहिली तेव्हा मला वाटलं सवलत आहे. अर्थ असा की या जागेचं एक्कावन्न टक्के किंवा त्याहून जास्त उत्पन्न इथेच बसून प्यायच्या दारूतून येतं, म्हणून आत बंदूक आणणं गंभीर गुन्हा. एकोणपन्नास टक्के दारू आणि एक्कावन्न टक्के खाणं असेल तर ते उपाहारगृह, आणि तिथला हिशेब वेगळा. म्हणजे पिस्तूल घेऊन जेवायला बसावं की नाही हे शेवटी मालकाच्या चार्टर्ड अकाउंटंटवर अवलंबून. मी त्या राज्यात हॉटेलवाला असतो तर महिनाअखेरीला आकडे पाहत बसलो असतो: या महिन्यात कबाब कमी खपले, आता पिस्तुलं बाहेर ठेवायला सांगायला हवं.

ऑस्टिनला टेक्ससचं विधिमंडळ आहे. २०१० साली तिथे दाराशी धातुशोधक यंत्रं बसवली. सामान्य नागरिकाने रांगेत उभं राहायचं, किल्ल्या, पट्टा, नाणी काढून ठेवायची. पण ज्याच्याकडे पिस्तूल बाळगण्याचा परवाना आहे त्याला वेगळं दार: परवाना दाखवा आणि पिस्तुलासकट सरळ आत जा. युक्तिवाद असा की याची पार्श्वभूमी सरकारने आधीच तपासलेली आहे. झालं. विधिमंडळात रोज खेपा घालणारे मध्यस्थ आणि वार्ताहर, ज्यांनी जन्मात चाप ओढला नव्हता, ते वर्गात जाऊन बसले, नेमबाजीची परीक्षा दिली आणि परवाने काढले. आपल्याकडे व्हीआयपी दर्शनाचा पास जसा खिशात असतो तसा त्यांच्या खिशात पिस्तुलाचा परवाना. पिस्तूल कशाला हवंय? निःशस्त्र माणसाची झडती आणि सशस्त्राला सलाम, ही व्यवस्था मी पुतणीकडून दोनदा वदवून घेतली.

मराठी माणसाला टेक्ससात खरी गोडी वाटावी ती तलवारीची. जिम बोवीचा सुरा ज्या राज्याच्या इतिहासात अमर झाला, त्याच राज्यात तो सुरा घेऊन फिरायला १८७१पासून बंदी होती. पिस्तुलाला मुभा मिळत गेली, सुरा मात्र गुन्हेगारच राहिला. २०१७च्या सप्टेंबरात ही बंदी उठली आणि साडेपाच इंचांहून लांब पातं सज्ञान माणसाला बहुतेक ठिकाणी उघड नेता येऊ लागलं. म्हणजे शिवजयंतीच्या मिरवणुकीत फेट्याबरोबर खरी तलवार आली तर निदान रस्त्यावर तिला या कायद्याची हरकत नाही. पण त्याच कायद्यात लांब पात्याला मज्जाव असलेल्या जागा दिल्या: बार, रुग्णालय, खेळाचे सामने आणि प्रार्थनास्थळ. मग २०१९ साली टेक्ससने स्पष्ट केलं की प्रार्थनास्थळाने तशी पाटी लावली नसेल तर परवानाधारकाला पिस्तूल आत नेता येईल. एकूण काय, मिरवणूक देवळाशी पोचली की तलवारवाल्यांनी बाहेर थांबायचं आणि पिस्तूलवाल्यांनी आरतीला पुढे यायचं. महाराजांच्या काळाच्या मानाने फार प्रगती झाली असं म्हणायला हवं.

आणि या मोकळ्या राज्यातही एक खड्डा आहेच. केंद्राचा कायदा शाळेच्या आवारापासून हजार फुटांच्या आत भरलेली बंदूक हाताशी ठेवून जायला बंदी घालतो. सूट कुणाला? ज्याला त्या राज्याने परवाना दिलेला आहे त्याला. टेक्सस म्हणतं परवाना लागत नाही; म्हणून माणूस काढत नाही; आणि दूध आणायला जाताना प्राथमिक शाळेवरून गाडी गेली की तो केंद्राचा गुन्हेगार. सहसा कुणी पकडत नाही. पुतणीची मुलगी त्या हजार फुटांच्या आत दुसरीत शिकते. दार लावून, दिवे मालवून, बाकाखाली आवाज न करता बसायचा सराव त्यांच्याकडून करून घेतात. ती हे मला शाळेतल्या इतर गोष्टींसारखंच सांगत होती, आधी चित्रकला, मग हे, मग डबा. त्यावर मला काही विनोद सुचला नाही आणि पुढेही सुचणार नाही.

बाकीच्या राज्यांतून भराभर जाऊ. व्हरमाँटने पिस्तूल बाळगायला परवाना कधी मागितलाच नाही. १९०३ साली तिथल्या न्यायालयाने एका शहराचा तसा प्रयत्न हाणून पाडला. इतकं स्वातंत्र्य की राज्य परवाना देतच नाही, आणि म्हणून शेजारच्या राज्यात दाखवायला व्हरमाँटच्या माणसाकडे कागदच नसतो. तो बिचारा दुसऱ्या राज्याकडून परवाना काढतो. या धंद्यात युटा पुढे. युटाचा परवाना तिसाहून अधिक राज्यांत चालतो, वर्ग देशभर भरतात, आणि ज्यांनी युटाचं मिठाचं सरोवर फक्त चित्रात पाहिलं अशा असंख्य लोकांच्या पाकिटात तो असतो. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१४पर्यंत मिरीचा फवारा बाळगायलाही पोलिसांचं कार्ड लागे. कोल्हापूरच्या कुठल्याही बाईला डब्यात काय आहे विचारलं असतं तर जन्मठेप झाली असती. आयोवात दृष्टिहीन माणसालाही केवळ त्या कारणाने परवाना नाकारता येत नाही. जॉर्जियातल्या केनेसॉ शहराने १९८२ साली उलटंच केलं: प्रत्येक कुटुंबप्रमुखाने घरात बंदूक आणि गोळ्या ठेवल्याच पाहिजेत. इलिनॉयमधल्या एका गावाने पिस्तुलांवर बंदी घातली, त्याला हे उत्तर. अपवाद म्हणून आजारी, गरीब, गुन्ह्यात दोषी ठरलेले आणि धर्माने किंवा मनाने न पटणारे अशी यादी दिली. यादीत जवळजवळ सगळं शहर बसतं. ठराव अंमलात आणण्यासाठी अर्थातच कुणी घरोघर फिरलं नाही.

पोलिसांनी गाडी थांबवली तर काय करायचं, हेही राज्याराज्यांत निराळं. काही ठिकाणी तुम्ही आपण होऊन सांगायचं की बंदूक आहे. काही ठिकाणी विचारलं तरच सांगायचं. काही ठिकाणी सांगायची सक्तीच नाही. भाच्याचा सल्ला सर्व राज्यांना लागू पडणारा होता: दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि पाकीट काढायच्या आधी "पाकीट काढतो आहे" असं मोठ्याने सांगायचं. भारतात वाहतूक पोलिसासमोर खिशात हात घातला की वातावरण सैल होतं. तिथे उलट.

न्यूयॉर्कने १९११पासून पिस्तुलाचा कायदा इतका आवळून धरला होता की बाहेर बाळगायला खास कारण दाखवावं लागे, आणि आपल्याला भीती वाटते हे कारण खास धरत नसत. २०२२च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उडवला आणि नवी कसोटी दिली: बंदुकीवरचं कुठलंही बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसलं पाहिजे. तेव्हापासून न्यायाधीशांना इतिहासाचे प्राध्यापक व्हावं लागलं आहे. १३२८ सालचा इंग्लंडचा एक कायदा, ज्या वेळी धड बंदूक नव्हती, तोही निकालपत्रात चर्चेला आला. न्यूयॉर्कने हार न मानता लगेच नवा कायदा केला, अठरा तासांचं प्रशिक्षण लावलं, संवेदनशील जागांची यादी केली आणि टाइम्स स्क्वेअरभोवती "बंदूकमुक्त परिसर" अशा पाट्या टांगल्या. जिथे कोळ्याच्या वेशातला माणूस फोटोचे पैसे मागतो, तिथे ही एकच पाटी लुकलुकत नाही, म्हणून ती कुणी वाचत नाही. हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०२४मध्ये लिहून टाकलं की भरली बंदूक घेऊन हिंडण्याची ही पद्धत 'अलोहा'च्या वृत्तीत बसत नाही, आणि आधाराला 'द वायर' या टीव्ही मालिकेतला संवाद घेतला. एका बाजूला चौदावं शतक, दुसऱ्या बाजूला मालिका. मधली शतकं दोन्ही पक्षांच्या वकिलांनी वाटून घेतली आहेत.

गंमत म्हणजे परंपरा शोधायचीच तर ॲरिझोनातलं टूमस्टोन आहे. १८८१च्या ऑक्टोबरातली ओके कोरलची गोळीबाराची लढाई सिनेमावाल्यांनी अजरामर केली. ती पेटायचं एक कारण असं की गावाच्या ठरावाप्रमाणे गावात हत्यार घेऊन फिरायला बंदी होती, आणि वर्दीवाले ती बंदी बजावायला निघाले होते. काउबॉय लोकांच्या त्या रानटी गावात पिस्तूल जमा करून हिंडायचं होतं. आज त्याच ॲरिझोनात २०१०पासून परवानाही लागत नाही. आणि ज्या सर्वोच्च न्यायालयाने हे सगळे हक्क उदारपणे वाटले, त्याच्या स्वतःच्या इमारतीत बंदूक न्यायला बंदी आहे. तिथे परंपरा कुणी विचारत नाही.

परत आल्यावर हे सगळं मी आमच्या नानांना सांगितलं. नाना म्हणजे माझे चुलते, सिंधुदुर्गात कणकवलीच्या पुढे बागायत आहे. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे, त्यांच्या वडिलांच्या वेळची. नळीत दारू भरायची, गजाने ठासायची, छर्रे घालायचे, आणि एवढं होईपर्यंत डुक्कर पुढच्या गावच्या हद्दीत गेलेलं असतं. वानरांवर कायद्याने गोळी झाडता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी नुसता आवाज. या बंदुकीसाठी नाना वेळच्या वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन परवाना नवा करतात, आणि निवडणूक लागली, मग ती कुठलीही असो, की नोटीस येते आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा.

मी म्हटलं, "नाना, तुमची ठासणीची बंदूक अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बंदूकच नाही. काडतूस लागत नाही ना, म्हणून ती पुराणवस्तू धरतात. नवी बनवलेली असली तरी. बऱ्याच राज्यांत घरबसल्या मागवता येते."

नाना सुपारी कातरायचे थांबले. "कुरिअरवालो बंदूक घराक हाडून दितलो?"

"हो."

"आणि निवडणुकीक खय जमा करतत?"

म्हटलं, जमाबिमा कुणी करत नाही. उलट कित्येक राज्यांत मतदान केंद्रावर बंदूक आणू नये असा वेगळा कायदाच नाही. टेक्ससात आहे, शेजारी विचारावं लागेल.

नानांनी सगळं नीट ऐकून घेतलं. चाळीसेक कोटी बंदुका, पाट्या, टक्के, पूल. मग अडकित्ता परत हातात घेत त्यांनी विचारलं, "मगे हरलेलो गप घराक जाता?"

मी म्हटलं, "तसं बघायला गेलं तर, साल कुठलं त्यावर आहे."